मुंबईच्या भटक्या कुत्र्यांचे कैवारी

मुंबईत भटक्या कुत्र्यांना वाचवण्याची परंपरा आजच्या कुठल्याही प्राणिमित्र संस्थेपेक्षा जुनी आहे आणि तिची सुरुवात दंग्यातून झाली. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या धास्तीने कंपनी सरकारने 1813 साली उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम केला होता. धास्ती खोटी नव्हती. रेबीजवरची पाश्चरची लस यायला 1885 उजाडावे लागले. तोवर पिसाळलेले कुत्रे चावले, की वैद्य-डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसे.

1832 साली ही मोहीम 15 जूनपर्यंत वाढवण्यात आली आणि प्रत्येक मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळू लागले. आठ आणे ही तेव्हा क्षुल्लक रक्कम नव्हती. शिपाई मोकाट कोणते आणि पाळलेले कोणते हे पाहीनासे झाले, दारातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. त्यातच 6 जूनला पारशांचा पवित्र दिवस आला. त्यांच्या झरथुष्ट्री धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेल्यावर त्याच्या देहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा ‘सगदीद’ हा विधी असतो. त्यासाठी डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा उत्तम मानतात. अशा समाजासमोर, तेही सणाच्या दिवशी, कुत्री मारली जात होती. कोटातल्या जमावाने शिपायांना गाठून चोप दिला.

दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही बंदमध्ये उतरले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली, तेव्हा मात्र सरकारचे धाबे दणाणले. लष्कर बोलावून पुढाऱ्यांची धरपकड झाली. या साऱ्याला नुसते कुत्र्यांचे प्रेम म्हणणे भाबडेपणाचे होईल. घराच्या उंबऱ्याच्या आत सरकारचा हात किती पोचावा, हा वाद त्याच्या तळाशी होता. पुढे पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाईंसारख्या शेटियांनी मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत, असा तोडगा निघाला.

शहराबाहेर म्हणजे कुठे, हा प्रश्न राहिलाच. जमशेटजींनी जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद यांच्यासह 1834 साली भुलेश्वर भागात पांजरपोळ सुरू केली, तिच्यामागे हाच प्रश्न होता. एका पारशाने आणि एका जैनाने मिळून काढलेली ही संस्था आजही तिथेच आहे. आता मात्र तिथे मुख्यतः गाई दिसतात. 1874 साली मुंबईत प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था स्थापन झाली आणि पुढच्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले.

कुत्री मारणे मात्र थांबले नव्हते. विसाव्या शतकात ते काम महापालिकेकडे होते. पकडलेली कुत्री विजेचा धक्का देऊन मारली जात. तरी संख्या घटेना. कारण सरळ आहे: उकिरडा तसाच राहिला, की मेलेल्यांच्या जागी शेजारच्या गल्लीतली कुत्री येतात. 1990च्या दशकात मुंबईत निर्बीजीकरणाचा मार्ग स्वीकारला गेला आणि 2001 साली केंद्राच्या नियमांनी तो देशभर लागू केला. नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि कुत्रे जिथून उचलले तिथेच आणून सोडायचे, ही पद्धत 2023च्या सुधारित नियमांतही कायम राहिली. लसीकरणाचा उपयोग कितपत होतो, हे शेजारच्या गोव्याने दाखवले: घरोघर आणि गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचून 2021 साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

गेल्या काही दशकांत या कामाला दत्तकाची जोड मिळाली. मुंबई-पुण्यात दत्तक शिबिरे भरतात, गावठी पिल्ले घरात येतात. हौसेने विकत घेऊन नंतर रस्त्यावर सोडलेली विलायती कुत्रीही तिथे नव्या घराची वाट पाहतात. भटक्या कुत्र्यांचे काय करायचे, हा वाद मात्र मिटलेला नाही. ऑगस्ट 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री कायमची निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात तो बदलून, पिसाळलेली वा आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले. कानाच्या टोकाला खाच असलेले कुत्रे गल्लीत दिसले, तर त्याची नसबंदी झाली आहे असे समजावे.