मुलांना रस्ता ओलांडून देणारी माणसं

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर काही लिहा, असं कमिटीनं सांगितलं. प्लॉट कसा घेतला, पाण्याचं कनेक्शन कसं मिळालं, हे इतर सभासद लिहिणारच आहेत. मी आपल्या गेटसमोरच्या रस्त्याबद्दल लिहितो. तोही आपल्या पंचवीस वर्षांचा भागच आहे.

२००० साली आपण इथं राहायला आलो, तेव्हा हा रस्ता जेमतेम सात मीटर होता. दोन्ही कडेला माती, अधूनमधून म्हशी. पलीकडच्या शाळेत पोरं हसत-खेळत जायची. पुढं शहरातले रस्ते रुंद झाले, तसा आपलाही पंधरा मीटरचा झाला. आपण पेढे वाटले. गाळे चालू झाले, फ्लॅटचे भाव वाढले.

मी आयुष्यभर बँकेत आकडेमोड केली, पण हा हिशेब मात्र उशिरा मांडला. सहा-सात वर्षांचं मूल सेकंदाला साधारण एक मीटर चालतं. सात मीटरला सात सेकंद, पंधरा मीटरला पंधरा. ताशी चाळीस किलोमीटरनं येणारी मोटारसायकल पंधरा सेकंदांत दीडशे मीटरपेक्षा जास्त अंतर कापते. म्हणजे मूल रस्त्यावर पाऊल टाकतं तेव्हा जी गाडी त्याला दिसतही नाही, ती ते पलीकडं पोचायच्या आत अंगावर येते. त्यात लहान मुलाला येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज नीट येत नाही. 'बघून जा रे' एवढं सांगून आपण मोकळे होतो, पण बघूनही त्याला कळत नाही.

आता माझी चूक. २०१३ च्या मार्चमध्ये पाच आयांनी सही करून अर्ज दिला, की शाळेच्या वेळेला गेटवर कुणीतरी माणूस उभा करा. मी तेव्हा चेअरमन होतो. अर्जावर 'पुढील सभेत विचारार्थ' असा शेरा मारला आणि फाईलला लावला. बँकेची सवय! एप्रिलची सभा पार्किंगच्या भांडणात गेली, मेची कोरमअभावी तहकूब झाली. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आठवड्याच्या आत आपल्या सी विंगमधल्या दुसरीतल्या मुलीला मोटारसायकलनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं. पोरगी वाचली, आज कॉलेजात जाते, मला 'आजोबा' म्हणते. तिच्या आईनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. तो अर्ज मात्र मी अजून जपून ठेवला आहे.

त्यानंतर मी या विषयावर जमेल तसं वाचत गेलो. मुलांना रस्ता ओलांडून देणारा माणूस ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत सेंट पॉल शहरातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर कार्मेला हँगी यांनी फेब्रुवारी १९२१ मध्ये शाळेच्या मोठ्या मुलांनाच गस्तीला उभं केलं. मोटारी नुकत्याच वाढू लागल्या होत्या. पुढं तिकडं असा रिवाज पडला, की गस्तीवरच्या मुलानं कडेला उभं राहून धाकट्यांना थोपवायचं. गाड्या थांबवणं हे मोठ्यांचं काम.

इंग्लंडनं दुसरी वाट धरली. १९३७ साली बाथ शहरात मेरी हंट या बाईंना शाळेजवळ रस्त्यावर उभं राहण्यासाठी नेमलं. १९५१ मध्ये तिथं पहिला झेब्रा पट्टा आला. १९५३ साली तर खास कायदाच केला, तो १९५४ पासून लागू झाला. शाळेजवळच्या त्या माणसानं पाटी दाखवली की गाडीवाल्यानं थांबलंच पाहिजे, नाहीतर गुन्हा. काठीवरची गोल पाटी पोरांना लॉलीपॉपसारखी दिसायची, म्हणून त्या बायकांना 'लॉलीपॉप लेडी' हेच नाव पडलं.

आपल्याकडं महाराष्ट्रातल्या शाळांत आर. एस. पी. आहे, म्हणजे रस्ता सुरक्षा दल. माझा मुलगा आठवीत असताना त्यात होता. पांढरा पट्टा आणि शिट्टी घालून आरशासमोर हातांच्या खुणा करायचा. वाहतूक पोलीस शाळेत येऊन शिकवायचे. त्याचा उपयोग झाला, आजही तो सिग्नल मोडत नाही. पण आर. एस. पी. मुलाला शिस्त शिकवते, गाडीवाल्याला कोण शिकवणार? झेब्रा पट्ट्यावर पायी माणसाला आधी जाऊ द्यावं, असं आपल्या नियमांतही लिहिलंय. लिहिलेलं पाळून घ्यायला तिथं माणूस उभा लागतो.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. अठरा वर्षांखालची मुलं ९,५२८. हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे. बँकेत एवढी रक्कम बुडाली असती तर चौकशी समिती बसली असती.

तर २०१३ च्या जुलैपासून मी, बी विंगमधले निवृत्त मास्तर आणि एक माजी सैनिक असे तिघंजण गेटवर उभे राहू लागलो. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास. वाहतूक पोलिसांनी येऊन चार गोष्टी समजावल्या. मुलांना एकेकटं सोडू नका, घोळका करून न्या. झेंडी लांबच्या गाडीला दाखवा, जवळच्या नाही. गाडीवाल्याच्या डोळ्यात बघा. आणि गाडी थांबल्याशिवाय पोरांना पाऊल टाकू देऊ नका. ताशी तीसनं येणारी गाडी ड्रायव्हरला धोका दिसल्यापासून साधारण तेरा मीटरमध्ये थांबते, पन्नासनं येणारीला अठ्ठावीस मीटर लागतात. म्हणून आमचं खरं काम गाडीचा वेग कमी करून घेणं हे आहे. लांबून लाल झेंडी आणि पांढऱ्या केसांचा म्हातारा दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो.

थांबवायचा हक्क आम्हाला नाही, विनंती करतो. "थांबा की वो दादा, पोरं जाऊ द्यात." पहिल्या महिन्यात शिव्या खाल्ल्या. पुढं रोजचे गाडीवाले लांबूनच वेग कमी करू लागले. हंगामात दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर येतात, मोठ्यानं गाणी लावलेली, ड्रायव्हरला काही ऐकू जात नाही. त्यांच्यासाठी मास्तर अर्धा फर्लांग पुढं जाऊन उभे राहायचे. आता तेही ओळखीचे झालेत, हात वर करून जातात. या बारा वर्षांत आमच्या ड्युटीच्या वेळेत आपल्या गेटवर एकाही मुलाला खरचटलेलं नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. मूल शाळेपर्यंत पोचलं पाहिजे, ही जबाबदारी त्यांनी मोठ्यांवर टाकली. मला वाटतं, ते सुखरूप पोचलं पाहिजे हेही त्याच जबाबदारीत येतं.

मास्तर दोन वर्षांपूर्वी गेले. फौजी साहेबांचे गुडघे आता ऐकत नाहीत. माझी पंच्याहत्तरी झाली. सकाळी पावणेसात ते सव्वासात आणि दुपारी साडेबारा ते एक, एवढीच ड्युटी आहे. आठवड्यातून एक वार प्रत्येकानं घेतला तरी सहा माणसं पुरतात. सोसायटीच्या ऑफिसात वही ठेवली आहे, पहिलं नाव माझंच आहे. पुढच्या पाच ओळी रिकाम्या आहेत. कृपया ही बाब पुढच्या सभेच्या विचारार्थ ठेवू नका.