एमबीए सीईटीला दीड महिनाच उरलाय? कॉलेज, शेती आणि प्रवास सांभाळून अशी करता येते तयारी

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या इंटर्नल्स, घरी उन्हाळी धानाची रोवणी आणि एमबीए सीईटीसाठी हातात जेमतेम 45 दिवस. भंडारा जिल्ह्यात जानेवारी-फेब्रुवारीत पदवीच्या विद्यार्थ्यावर अशी वेळ सहज येऊ शकते. मोठ्या शहरात क्लास लावून वर्षभर तयारी करणारी मुलंही याच परीक्षेला बसलेली असतात. मग दीड महिन्यात तयारी होऊ शकते का?

होऊ शकते, पण सगळा अभ्यासक्रम संपवायचा हट्ट सोडावा लागतो. या परीक्षेची रचनाच अशी आहे की कोणता प्रश्न सोडायचा हे ज्याला कळतं, त्याला त्याचा फायदा होतो.

परीक्षा नेमकी कशी असते?

महाराष्ट्रातल्या एमबीए आणि एमएमएस प्रवेशांसाठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजेच सीईटी सेल, ही परीक्षा घेतो. परीक्षा संगणकावर आणि इंग्रजीतून होते.

- एकूण प्रश्न 200, वेळ 150 मिनिटं
- लॉजिकल रीझनिंग: 75 प्रश्न
- अ‍ॅबस्ट्रॅक्ट रीझनिंग (आकृत्यांवरचे प्रश्न): 25
- गणित: 50
- इंग्रजी भाषा आणि उताऱ्यांवरचे प्रश्न: 50
- प्रत्येक प्रश्नाला 5 पर्याय, बरोबर उत्तराला 1 गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत
- प्रत्येक विभागासाठी वेगळी वेळ नसते

पदवीला 50 टक्के गुण हवेत. राज्यातल्या राखीव प्रवर्गातल्या आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट 45 टक्क्यांची आहे. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही परीक्षा देऊ शकतात.

परीक्षेच्या तारखा दरवर्षी बदलतात. 2023 मध्ये ती 25 आणि 26 मार्चला होती, 2024 मध्ये 9 ते 11 मार्च, तर 2025 मध्ये 1 ते 3 एप्रिल. त्यामुळे मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबून न राहता सीईटी सेलच्या वेबसाइटवरची सूचना पाहूनच दिवस मोजायला हवेत.

कॅट की सीईटी?

वेळ कमी असताना कॅट, सीमॅट आणि सीईटी अशा तिन्ही परीक्षांचे फॉर्म भरायचा मोह होतो. पण या परीक्षांचा स्वभाव वेगळा आहे.

आयआयएममध्ये प्रवेशासाठी कॅट लागते. भंडाऱ्याला सर्वात जवळची आयआयएम नागपूरची. 2015 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचा कॅम्पस मिहानमध्ये आहे. कॅट साधारणपणे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. भंडाऱ्यात तेव्हा खरिपाच्या धानाची कापणी-मळणी सुरू असते.

कॅटमध्ये तीन विभाग आणि प्रत्येकाला 40 मिनिटं असतात. बरोबर उत्तराला 3 गुण मिळतात आणि पर्याय असलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं की 1 गुण कापला जातो. तिथे प्रश्न कमी पण खोल असतात. सीईटीत एका प्रश्नाला सरासरी 45 सेकंद मिळतात. एकीकडे अंदाज टाळायची सवय लागते, तर दुसरीकडे एकही प्रश्न रिकामा न सोडायची. दीड महिन्यात दोन्ही सवयी अंगवळणी पडत नाहीत.

मुंबईच्या जमनालाल बजाज आणि सिडनहॅमच्या व्यवस्थापन संस्थांपासून नागपूर परिसरातल्या कॉलेजांपर्यंत, महाराष्ट्राच्या उमेदवारांसाठीच्या जागा सीईटीच्या आधारे भरल्या जातात. राज्यातच शिकायचं ठरलं असेल तर सीईटीवर लक्ष ठेवणं जास्त उपयोगाचं.

45 दिवसांचं गणित

रोज 3 तास मिळतात असं धरलं, तर 45 दिवसांत 135 तास होतात. त्यांची वाटणी अशी करता येईल:

- 10 पूर्ण मॉक टेस्ट आणि त्यांचा आढावा: 45 तास
- लॉजिकल रीझनिंग: 40 तास
- गणित: 25 तास
- इंग्रजी: 15 तास
- अ‍ॅबस्ट्रॅक्ट रीझनिंग: 10 तास

पहिला दिवस: पुस्तक उघडण्याआधी घड्याळ लावून एक पूर्ण मॉक टेस्ट द्यावी. गुण कमीच येतील. पण कोणत्या विभागात किती वेळ गेला आणि किती उत्तरं बरोबर आली, हे कळलं की पुढच्या 44 दिवसांची दिशा ठरते.

पहिले दोन आठवडे: लॉजिकल रीझनिंग. बैठक व्यवस्था, पझल, नातेसंबंध, दिशा, कोडिंग, सिलॉजिझम आणि असमानता हे प्रकार आधी घ्यावेत. पेपरचा सर्वात मोठा भाग हाच आहे आणि त्यासाठी पाठांतर लागत नाही. आकृत्यांचे प्रश्न रोज 15 मिनिटं सोडवले तरी डोळा तयार होतो.

तिसरा आणि चौथा आठवडा: गणित. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, व्याज, काळ-काम, वेग आणि तक्त्यांवरचे प्रश्न पुरेसे आहेत. कॅटमध्ये स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो, सीईटीत मिळत नाही. म्हणून 25 पर्यंतचे पाढे आणि 30 पर्यंतचे वर्ग पाठ हवेत. भूमिती किंवा क्रमचय-संचय आधीपासून येत नसेल, तर आता सोडून दिलेलं बरं.

शेवटचे अडीच आठवडे: दर दुसऱ्या दिवशी एक मॉक आणि मधल्या दिवशी तिचा आढावा. अडीच तासांच्या मॉकला दोन तासांचा आढावा द्यायलाच हवा. चुका तीन रकान्यांत लिहाव्यात: येत नव्हतं, येत होतं पण चुकलं, आणि सोडून द्यायला हवं होतं. बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यातले प्रश्नच सर्वात जास्त वेळ खातात.

एकही प्रश्न रिकामा का सोडू नये?

समजा, एका विद्यार्थ्याने सावकाश 90 प्रश्न सोडवले आणि 86 बरोबर आले. उरलेले 110 त्याने रिकामे ठेवले. त्याचे गुण 86.

दुसऱ्याने अडलेले प्रश्न पटकन सोडून 130 प्रश्न सोडवले. त्यातले 80 टक्के, म्हणजे 104 बरोबर आले. शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्या 70 प्रश्नांना त्याने एकच पर्याय लावला. पाचांपैकी एक बरोबर या सरासरीने त्याला आणखी 14 गुण मिळू शकतात. एकूण 118.

अंदाजाने मिळणारे गुण कमी-जास्त होऊ शकतात, पण ते वजा होत नाहीत. म्हणून एका प्रश्नावर मिनिटभर गेलं की पुढे जायचं आणि शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायची, ही सवय मॉकमध्येच लावून घ्यायला हवी.

पर्सेंटाइल म्हणजे काय?

95 पर्सेंटाइल म्हणजे 95 टक्के गुण नव्हेत. साधारण 95 टक्के परीक्षार्थी तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे आहेत, असा त्याचा अर्थ. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने गुणांचं नॉर्मलायझेशन केलं जातं. जमनालाल बजाजसारख्या संस्थेत खुल्या प्रवर्गातून प्रवेशासाठी 99 च्याही वर पर्सेंटाइल लागतं. पण प्रत्येक चांगल्या कॉलेजसाठी एवढी गरज नसते.

इंग्रजीची भीती असेल तर?

मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांची खरी अडचण अनेकदा गणितात नसते, प्रश्न वाचण्यात असते. सहा ओळींचं पझल इंग्रजीत वाचून समजायलाच दोन मिनिटं लागली, तर तर्क चांगला असूनही वेळ निघून जातो.

त्यामुळे लॉजिकलचा सराव सुरुवातीपासून इंग्रजीतूनच करावा. रोज 20 मिनिटं इंग्रजी वर्तमानपत्राचा एक अग्रलेख वाचावा आणि त्याचा मुद्दा मराठीत दोन ओळींत लिहावा. मुद्दा लिहिता आला, म्हणजे उतारा समजला.

नागपूरला क्लास लावावा का?

भंडारा ते नागपूर अंतर सुमारे 60 किलोमीटर. लाखांदूर, पवनी किंवा साकोलीहून ते आणखी वाढतं. जाण्यायेण्यात तीन तास गेले, तर त्या दिवसाचा अभ्यासाचा वेळ तिथेच संपला. दीड महिना हाती असताना ऑनलाइन मॉक टेस्टची मालिका आणि सरावाचं एक पुस्तक जास्त कामाचं. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून रोज ये-जा करणाऱ्यांनी सरावाचे प्रश्न आधीच डाउनलोड करून ठेवले, तर गाडीतला वेळही वापरता येतो. मॉक मात्र मोबाइलवर न देता संगणकावरच द्यावी. घरी नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये विचारता येईल.

कागदपत्रांचं काम अभ्यासासोबतच

चांगलं पर्सेंटाइल मिळूनही एका प्रमाणपत्रासाठी प्रवेश अडू शकतो. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप राउंड सुरू होतात. तोपर्यंत गुणपत्रिका, डोमिसाइल, जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमी लेयर प्रमाणपत्र तयार हवं. वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, त्यामुळे सीईटीचा फॉर्म भरतानाच त्यासाठी अर्ज करावा.

फीच्या दृष्टीनेही कॅप महत्त्वाची आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत मिळते. त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून व्हावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही. धानाच्या पिकावर घर चालणाऱ्या कुटुंबातल्या मुलीसाठी पुढे शिकायचं की नाही, हा निर्णय या एका गोष्टीवर ठरू शकतो.

शेवटचे दोन दिवस

नवीन काही शिकायला घेऊ नये. केंद्र दूर असेल आणि सत्र सकाळचं असेल, तर आदल्या दिवशीच तिथे पोहोचावं. हॉल तिकीट आणि मूळ ओळखपत्र रात्रीच बॅगेत ठेवावं. पेपरमध्ये पहिलेच पझल अडलं तरी घाबरायचं कारण नाही. ते सोडून पुढे जाता यावं, याचाच तर सराव 45 दिवस केलेला असतो.