डिसेंबर १९४८ : एक सोलापूरचा, एक कोल्हापूरचा

दरवर्षी टीव्हीवर बीसीसीआयचा पुरस्कार सोहळा लागतो. वर्षातल्या सर्वोत्तम भारतीय क्रिकेटपटूला मिळतो तो पॉली उम्रीगर पुरस्कार. कोहलीने घेतलाय, बुमराहने घेतलाय. पण हे पॉली उम्रीगर आपल्या सोलापुरात जन्मले, २८ मार्च १९२६ ला, हे किती जणांना ठाऊक आहे? परवा पार्कवर सरावाला आलेल्या पाच-सहा पोरांना विचारलं. एकालाही माहीत नव्हतं. चूक त्यांची नाही. आपण सांगितलंच नाही. म्हणून आज जरा लांब लिहितोय, निवांत वाचा.

गोष्ट आहे १९४८-४९ च्या हंगामाची. तो काळ डोळ्यासमोर आणा. सप्टेंबरात हैदराबादची पोलीस कारवाई झाली, लष्कर आपल्या सोलापूरहूनच नळदुर्गच्या रस्त्याने आत गेलं. संस्थानं एकेक करून विलीन होत होती. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून बारा वर्षं होती, पण रणजी करंडकात ‘महाराष्ट्र’ नावाचा संघ होता आणि मुंबईचा संघ वेगळा. नकाशावर नसलेला महाराष्ट्र तेव्हा स्कोअरबोर्डावर होता!

त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ पहिल्यांदा भारतात आला होता. ९ डिसेंबरला मुंबईत ब्रेबॉर्नवर दुसरी कसोटी सुरू झाली आणि त्या कसोटीत उम्रीगर पहिल्यांदा भारताकडून खेळले. वय २२. वडील कापडाच्या धंद्यातले, पॉली शाळेत असतानाच घर सोलापूरहून मुंबईला गेलं. तिथे १८ व्या वर्षी ते पारशी संघातून पंचरंगी स्पर्धेत खेळले, पुढे विद्यापीठाच्या संघात आले. वेस्ट इंडिज दौऱ्यावर आल्यावर संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्यांनी पाहुण्यांना नाबाद ११५ धावांचा हिसका दाखवला आणि निवड समितीचं लक्ष गेलं.

ती कसोटी १३ तारखेला संपली. बरोबर तीन दिवसांनी, १६ डिसेंबरला, पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड सामना सुरू झाला. काठियावाड २३८ वर आटोपलं. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले. चारच दिवसांपूर्वी २९ पूर्ण केलेले. त्यांनी आणि के. व्ही. भांडारकरांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या, त्यात भांडारकर २०५. निंबाळकर काही थांबेनात. तिसऱ्या दिवशी मध्यंतराला महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३.

ब्रॅडमनचा जागतिक विक्रम होता नाबाद ४५२, १९३० चा. फक्त दहा धावा हव्या होत्या. दोन-तीन ओव्हरचा मामला. पण काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, पुढे खेळायला तयार होईनात. आपल्या संघाविरुद्ध असला विक्रम नको, असा विचार. त्याच वर्षी त्यांचं राजकोट संस्थान सौराष्ट्रात विलीन झालं होतं. राज्य गेलं, मान तरी राहू दे असं त्यांना वाटलं असेल का, हा आपला माझा तर्क. ते काही असो, समजावून उपयोग झाला नाही. काठियावाडने सामना सोडून दिला आणि निंबाळकर ४४३ वरच राहिले.

आजही प्रथम श्रेणीत कुठल्याही भारतीयाची ही सर्वात मोठी खेळी आहे. आणि निंबाळकर कसोटी एकही खेळले नाहीत. एक अनधिकृत कसोटी तेवढी मिळाली, कॉमनवेल्थ संघाविरुद्ध.

आता दोन्ही बाजू बघू. काठियावाडची गोलंदाजी दुबळी होती, हे मान्य. भारतीय संघात जागाही नव्हती, ब्रेबॉर्नच्या त्याच कसोटीत रुसी मोदी आणि विजय हजारे दोघांनी शतकं ठोकली होती. आणि उम्रीगरांना जे मिळालं ते वशिल्याने नाही. ५९ कसोट्या, ३६३१ धावा, १२ शतकं, भारताचं कर्णधारपद आणि १९५५ मध्ये हैदराबादला २२३, म्हणजे कसोटीत भारतीयाचं पहिलं द्विशतक. माणूस अस्सल होता.

पण मला एक प्रश्न सोडत नाही. उम्रीगरांचं कुटुंब सोलापुरातच राहिलं असतं तर? पंचरंगी स्पर्धा मुंबईत, निवड समितीची नजर मुंबईकडे. आपल्या गावात खेळून पॉली पार्कवरच राहिले असते, असं मला वाटतं. गुण कोल्हापुरातही होता, सोलापुरातही होता. त्या गुणाला दाखवायची जागा दुसरीकडे होती.

आणि हे जुनं झालं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या माळशिरस तालुक्यातली किरण नवगिरे. २०२२ मध्ये टी-२० त तिने एका डावात १६२ धावा केल्या, दीडशे ओलांडणारी पहिली भारतीय. कुणाकडून खेळत होती? नागालँडकडून! त्यानंतर भारताची टोपी मिळाली. ७४ वर्षांनी वाट तीच, फक्त गाव बदललं.

२०२४ च्या जानेवारीत पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र–मणिपूर रणजी सामना झाला, लोकांनी गर्दी केली, लय बरं वाटलं. पण वर्षाकाठी एखाद्या सामन्याने खेळाडू घडत नाही. तालुक्याच्या पोरापोरींना चांगली विकेट, रोजचा कोच आणि निवड चाचणी इथेच मिळाली पाहिजे. निवडणुकीत मतं मागायला येतील तेव्हा रस्ता-पाण्यासोबत हेही विचारा.

भाऊसाहेब २०१२ मध्ये कोल्हापुरातच गेले, ९३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. उम्रीगर त्याआधी, २००६ मध्ये. दोघांची नावं आपल्या पोरांना सांगा. आणि उम्रीगर कुटुंब सोलापुरात नेमकं कुठे राहायचं, हे कुणाच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल तर खाली जरूर लिहा.