बालाघाटावरील घरच्या आणि पाहुण्या वनस्पती

इतिहास म्हटला की राजे, लढाया, सनदा आणि किल्ले यांकडे आपले लक्ष प्रथम जाते. आपल्या बीड जिल्ह्याचा इतिहासही बहुधा याच पायऱ्यांनी सांगितला जातो. निजामी अंमल, १९४८ च्या सप्टेंबरात झालेला त्याचा शेवट, १९५६ मध्ये मुंबई राज्यात झालेला समावेश आणि १९६० मध्ये महाराष्ट्राची स्थापना, हा क्रम शाळेतील मुलांनाही पाठ असतो. परंतु उत्तरेस गोदावरी, दक्षिणेस मांजरा आणि मध्ये बालाघाटाचा खडकाळ माथा असलेल्या या भूमीचा आणखी एक इतिहास आहे. तो येथील गवताचा, पिकांचा आणि झाडाझुडपांचा होय. त्याची बखर कोणी लिहिली नाही; ती बांधाबांधावर उगवलेली आहे.

या इतिहासातील पहिला प्रश्न असा की मूळचे कोण आणि बाहेरून आलेले कोण? जगात काही ठिकाणी त्याचे उत्तर सोपे असते. दक्षिण महासागरात, अंटार्क्टिकाच्या वाटेवर मॅक्वारी नावाचे एक एकाकी बेट आहे. त्यावर एकही झाड नाही. गवते, शेवाळी आणि मोठ्या पानांच्या काही वनस्पती एवढाच त्याचा संसार. १८१० मध्ये माणसाने ते पाहिले. त्यापूर्वी तेथे जे होते ते मूळचे आणि माणसाच्या जहाजांबरोबर आले ते परके, अशी स्पष्ट रेघ तेथे ओढता येते. पुढे माणसाने आणलेल्या सशांनी तेथील हिरवळ एवढी खाल्ली की डोंगरउतार खचू लागले. मोठ्या मोहिमेनंतर २०१४ मध्ये ते बेट ससे आणि उंदीर यांच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

आपल्याकडे अशी रेघ ओढू गेल्यास काय होते ते पाहा. पळस, धावडा, सालई, अंजन, खैर, हिवर, बोर, बेल, आपटा ही मंडळी निःसंशय घरची. शेतातील तूर, मूग, उडीद आणि तीळ यांचेही मूळ भारतातच आहे. परंतु ज्या ज्वारीच्या भाकरीवर मराठवाडा पिढ्यान्‌पिढ्या जगला, ती ज्वारी आफ्रिकेतून इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या सुमारास भारतात आली. बाजरीही तिकडचीच. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून जे उत्खनन केले, त्यात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा तेथील शेतकरी मुख्यतः सातू पिकवीत होता असे दिसून आले. गावोगावच्या पारावर सावली धरणारी चिंचदेखील मूळची आफ्रिकेची. गंमत अशी की अरबांनी तिला ‘हिंदचा खजूर’ म्हटले आणि तेच नाव जगभर गेले.

धर्माचाराकडे पाहिले तर ही सरमिसळ अधिकच जाणवते. दसऱ्याला आपण आपट्याची पाने लुटतो ती घरची. पण दाराच्या तोरणातील झेंडू मेक्सिकोचा. एकादशीला ज्वारी वर्ज्य. मात्र साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा आणि रताळे चालतात. या चौघांचेही मूळ अमेरिका खंडात आहे. कोलंबसाने १४९२ मध्ये तो खंड गाठला नसता आणि पोर्तुगीज गलबते आपल्या किनाऱ्याला लागली नसती, तर उपवासाला भगर तेवढी उरली असती. मिरचीविना आपले जेवण कसे झाले असते, याची तर कल्पनाही करवत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचे भूषण जे सीताफळ, त्याकडे वळू. धारूरच्या आणि बालाघाटाच्या उतारांवर ते रानोमाळ वाढते. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. नावात साक्षात सीतामाई, सोबतीला रामफळ. तथापि वनस्पतिशास्त्र सांगते की दोन्ही फळे अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांतून आली. भरहूतच्या प्राचीन शिल्पांत सीताफळ दिसते असे मत एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी मांडले आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. दगडातील फळावरून जात ठरविणे अवघडच. परंतु हे झाड येथे रुजले कसे, हे आपल्याला डोळ्यांनी पाहता येते. त्याच्या पानांना शेळी तोंड लावीत नाही. उन्हाळ्यात पाने गाळून ते तहान आवरते आणि मुरमाड उतारावर तग धरते. जेथे इतर रोपे गुरांच्या तोंडी गेली, तेथे ते उरले आणि दिवाळीच्या सुमारास गरिबाच्या पाटीत चार पैसे टाकू लागले. आम्ही त्याला पाहुणा म्हणणार नाही. ते घरजावई झाले आहे.

सगळेच पाहुणे मात्र असे निघाले नाहीत. पुण्याच्या परिसरात १९५५-५६ च्या सुमारास प्रथम नोंदलेले गाजर गवत पाहता पाहता देशभर पसरले. ते गुरे खात नाहीत आणि अनेकांच्या अंगाला त्याने खाज सुटते. त्याच्या बंदोबस्तासाठी १९८३ मध्ये मेक्सिकोहून भुंगे आणावे लागले. घाणेरी बागेच्या शोभेसाठी आली आणि रानात शिरली. वेडी बाभूळ १८७७ च्या सुमारास जळणासाठी आणली गेली. जळण तिने दिले, पण नदीकाठ आणि गायराने व्यापली. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या काळात सुबाभूळ चाऱ्यासाठी वाखाणली गेली आणि सरकारी रोपवाटिकांतून गिरिपुष्पाची रोपे डोंगरावर गेली. हेतू वाईट नव्हते. लवकर हिरवे दिसावे, एवढीच घाई होती.

म्हणून आमचे म्हणणे असे की झाडाची पारख जन्मगावावरून करू नये. शेजाऱ्याशी ते कसे वागते यावरून करावी. ज्याच्या खाली गवत उगवते, ज्याच्यावर पाखरू बसते, ज्याचा पाला जनावर खाते किंवा फळ माणूस खातो, ते आपले. ज्याच्या भोवती दुसरे काही जगत नाही, ते परके, मग ते कितीही हिरवे दिसो.

परंतु याचा अर्थ घरच्या झाडांचे मोल कमी असा कोणी घेऊ नये. उसाचेच उदाहरण घ्या. कोयता घेऊन दर वर्षी आपली लाखो माणसे ज्या उसामागे घर सोडून जातात, तो जाड ऊस मूळचा न्यू गिनी बेटाचा. तो नाजूक आणि रोगाला बळी पडणारा. कोइमतूरच्या केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन यांनी त्याचा संकर आपल्याकडच्या कास नावाच्या रानगवताशी केला आणि १९१८ मध्ये ‘को २०५’ ही जात शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली. काटकपणा रानगवताने दिला. ज्याला आपण तण म्हणून उपटतो, त्याच्या अंगी अशी पुंजी असते. ते रानातून नाहीसे झाले तर ती पुंजी कोणत्याही बाजारात मिळणार नाही.

बालाघाटाचा माथा आज बराच उघडा आहे. पाटोद्याजवळ नायगावचे मयूर अभयारण्य आहे; बीडजवळ पालवण येथे देशी झाडे लावण्याचा प्रयत्न झाला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्षसंमेलनही भरले. हे शुभचिन्ह होय. मात्र उघडा डोंगर झाकायचा तर आधी पवना, मारवेल यांसारख्या गवतांना चराईपासून दोन-तीन पावसाळे विसावा द्यावा लागेल. गवत माती धरील, माती पाणी धरील, मग धावडा आणि पळस आपण होऊन वर येतील. सीताफळ तर आहेच. या कामाला रोपांच्या संख्येपेक्षा गावाचा संयम अधिक लागतो, आणि तो कोणत्याही रोपवाटिकेत मिळत नाही. तो गावानेच एकमताने ठरवून पाळायचा असतो.