उशिरा झालेले बारसे

मसाल्याच्या डब्यातले दगडफूल कोणत्या मराठी गृहिणीला ठाऊक नाही? ते नावालाच फूल. बुरशी आणि शेवाळ यांनी एकमेकांच्या आधाराने थाटलेला तो संसार आहे. वटवाघूळही आपल्या ओळखीचेच. पण ह्या दोन्ही घराण्यांत अशी एकेक लेकरे निघाली, की माणसाच्या हाती येऊनही त्यांची खरी ओळख पटायला कितीतरी वर्षे गेली. योगायोग असा, की दोघांचेही खरे बारसे १९७२ सालीच झाले.

त्यांतले दगडफूल दूर कॅनडातले. न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या कँपोबेलो बेटावर १९०२ साली ते प्रथम गोळा केले गेले. १९११ साली ह्यू नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने त्याला नाव दिले खरे, पण बसवले मात्र भलत्याच वंशात. पुढे नॉर्वेचे यॉर्गेन्सन यांनी १९७२ साली त्याला योग्य घरी नेले आणि ते ‘एरिओडर्मा पेडिसेलॅटम’ झाले.

वटवाघूळ आपल्याच पश्चिम घाटातले. आजच्या तमिळनाडूतल्या मेघमलैच्या डोंगरांत १९४८ साली अँगस हटन ह्या निसर्गप्रेमी मळेवाल्याला ते मिळाले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात ते आले आणि नेहमीच्या आखूड नाकाच्या वटवाघळांत जमा होऊन चोवीस वर्षे पडून राहिले. किट्टी थाँगलाँग्या ह्या थाई प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे दात निरखले, शेपूट नाही हे पाहिले आणि हा तर नवा वंशच आहे हे ओळखले. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या गौरवार्थ त्याचे नाव ठेवले ‘लॅटिडेन्स सालिमअली’.

इथवर दोघांची कहाणी जुळी. पुढे मात्र वाटा फुटल्या. नाव मिळाल्यामुळेच वटवाघळाचा शोध घेता आला, आणि १९९३ साली ते पुन्हा जिवंत सापडले. फळे खाणारी त्याची इतर भावंडे आपल्या कायद्याने कावळ्या-उंदरांच्या पंगतीत ‘उपद्रवी’ म्हणून बसवली होती, तेव्हाच ह्याला मात्र पहिल्या अनुसूचीतले कडक संरक्षण लाभले.

दगडफुलाला शोधायला निघावे, तर ते झाडाच्या ओलसर सालीला चिकटलेले. त्याच्या संसारातले नीलहरित शेवाळ हवेतल्या आम्लाने मरते. झाड तोडले की आसराही जातो. २००३ साली धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत प्रथमच दोन दगडफुले नोंदली गेली, त्यांत हे होते. न्यूफाउंडलंडच्या रानांत ते अजून तग धरून आहे. पण ज्या कँपोबेलोवर ते पहिल्यांदा सापडले, तिथे आता नाही.

शाळेच्या हजेरीपटात ज्या पोराचे नाव नाही, ते आले नाही हे मास्तरांना कळतच नाही. रानाच्या हजेरीपटाचेही तसेच आहे, वाचकहो. नाव लिहिल्याने पोर वाचत नाही. पण नाव असले, तर निदान ते कुठे गेले म्हणून कोणीतरी विचारते.