खानदेशातील मुक्त ध्वनिमिश्रक

जळगाव-धुळ्यात स्वतंत्रपणे काम करणाऱ्या ध्वनिमिश्रकाचा एकाच गीतप्रकारावर निभाव लागत नाही. श्रावणात कानबाईची गाणी, लग्नसराईत अहिराणी नाचगीते, अधूनमधून भजने. खरी कसरत पुढेच असते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर शब्द कळले पाहिजेत आणि तेच गाणे वरातीतील डीजेवर घुमलेही पाहिजे. मोबाइलवर खर्ज उमटतच नाही. म्हणून त्याचे वरचे स्वरांश उठावदार करावे लागतात.

मोबदल्याची बाजू मात्र लंगडी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे पुढाकार व जबाबदारी घेणारा निर्माता. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण दिले, मिश्रकाला नाही. गाणे कितीही गाजो, त्याच्या पदरी ठरलेले मानधनच. तेव्हा अंतिम फाइल देण्यापूर्वीच लेखी करार झालेला बरा.