घरगुती संगणकजाळे

घरातले संगणक, फोन आणि प्रिंटर केबलने किंवा वायफायने एकमेकांना जोडणारी व्यवस्था. इंटरनेट हा या जाळ्याला बाहेरून येऊन मिळणारा रस्ता आहे. तो बंद पडला तरी घरातले जाळे चालू राहते. डोंगराळ भागात याच गोष्टीचा सर्वाधिक उपयोग होतो आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

उदाहरणार्थ, काठी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले, राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध असलेले सातपुड्यातले गाव. या भागात वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली असते आणि डोंगराआड मोबाइलच्या लहरी क्षीण होतात. नंदुरबार २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या आकांक्षित जिल्ह्यांमधील ७,२८७ गावांना मोबाइल सेवा देण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजूर केली. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट हे नाव मिळालेल्या प्रकल्पाची फायबर तार ग्रामपंचायतीपर्यंत येते. तिथून घरापर्यंतचा टप्पा वेगळाच राहतो. तार न पोहोचलेल्या घरात फोनचा हॉटस्पॉट हाच राउटर.

अशा जोडणीवर ऑपरेटिंग सिस्टिमची अद्यतने हा सर्वांत जड भार ठरतो. १० मेगाबिट वेग सलग मिळाला तरी १ गिगाबाइटची फाइल उतरायला सुमारे १३ मिनिटे लागतात. तीच फाइल शेजारच्या संगणकातून १०० मेगाबिटच्या केबलने दीड मिनिटाच्या आत येऊ शकते. विंडोज १० पासून हे काम डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन करते: एका संगणकाने उतरवलेले भाग त्याच जाळ्यावरचे इतर संगणक त्याच्याकडून घेतात. मात्र ४ गिगाबाइटपेक्षा कमी रॅम असलेला संगणक मूळ मांडणीत या देवाणघेवाणीत भाग घेत नाही. फोनच्या डेटावर चालणाऱ्या संगणकात ती जोडणी ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवावी, म्हणजे बरीचशी अद्यतने आपोआप उतरत नाहीत. सुरक्षेची अद्यतने मात्र वेळ काढून घ्यायलाच हवीत. संगणकांमध्ये फाइली वाटायच्या असतील तर विंडोजमध्ये जाळे ‘प्रायव्हेट’ निवडावे लागते. ‘पब्लिक’ ठेवले की संगणक एकमेकांना दिसत नाहीत.

पान उघडायला वेळ लागला की दोष ‘नेट’ला दिला जातो. अनेकदा कारण संगणकातच असते. रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यातला मजकूर डिस्कवर हलवते, आणि फिरती हार्ड डिस्क रॅमच्या तुलनेत अतिशय संथ असते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर आधी एसएसडी बसवावी किंवा रॅम वाढवावी. महागडा डेटा पॅक घेऊन तो संगणक वेगवान होणार नाही. जुन्या संगणकांपुढे आणखी एक अडचण आहे: विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट रॅम व टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. जुन्या यंत्रांसाठी हलकी लिनक्स वितरणे हा चांगला मार्ग आहे. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेची, डेबियन या लिनक्स वितरणावर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली मराठीतूनही वापरता येते.

बाहेरची जोडणी नसतानाही चालणारा सर्वांत मोलाचा वापर वाचनाचा आहे. किविक्स या मुक्त प्रणालीने मराठी विकिपीडिया एकदा उतरवून एका संगणकावर ठेवता येतो आणि घरातल्या किंवा शाळेतल्या इतर फोनवर स्थानिक वायफायमधून वाचता येतो.